पावणेसातशे किलोमीटर निघण्याआधी

आधी पैशाचं ठरवा, गाडीचं मागाहून. मदतनिधीसाठी मोटारसायकलवर लांब पल्ला मारायचा म्हटलं की सगळे टायर, चेन, जॅकेट इथून सुरुवात करतात. आम्हीही तशीच केली होती, आणि चूक तिथेच झाली.

मागच्या खेपेला मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या मुलांसाठी निधी जमवायला धुळ्याहून निघालो. लोकांनी किलोमीटरमागे रक्कम कबूल केली होती. कुणी एक रुपया, कुणी दोन, आमच्या गल्लीतल्या किराणावाल्या काकांनी तर पाच. ठरवल्या होत्या तापीभोवती दोन फेऱ्या, म्हणजे नऊशेच्या आसपास. डिसेंबरची रात्र होती. दोनच्या पुढे चोपडा सोडून शिरपूरच्या दिशेने जाताना पुढे चाललेल्या मित्राच्या गाडीचा लाल दिवा हळूहळू डावीकडे सरकताना मला दिसला. हॉर्न दिला, उपयोग झाला नाही. चाक डांबरावरून साइडपट्टीवर उतरलं, खडीत घसरलं आणि गाडी बाभळीच्या झुडपात आडवी झाली. त्याचा गुडघा सोलला, क्लचचा दांडा वाकला, एवढ्यावर निभावलं. मी धावत गेलो, हेल्मेट काढलं. त्याचं पहिलं वाक्य होतं, "किती झाले रे?" तो किलोमीटर विचारत होता.

तेव्हापासून आमचा पहिला नियम असा की पैसा किलोमीटरला बांधायचा नाही. देणाऱ्याने एकरकमी द्यावं, आणि निघायच्या आधी द्यावं. आम्ही शंभरावर थांबलो तरी तेवढेच, शेवटपर्यंत गेलो तरी तेवढेच. किलोमीटरमागे पैसे ठेवले की दमलेल्या माणसाच्या पाठीवर अजून एक ओझं चढतं. त्याला वाटतं, आपण थांबलो तर एखाद्या पोराचं औषध थांबेल. असा विचार डोक्यात घेऊन पेंगणारा माणूस ब्रेक दाबत नाही.

दुसरं, पैसा आपल्या खिशातून जाऊ देऊ नका. आपल्या नावाच्या क्यूआर कोडवर एक रुपयाही घ्यायचा नाही. देणगी थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जावी आणि पावती संस्थेने द्यावी. देणगीवरची आयकर सवलत (८०जी) हवी असणाऱ्याला आधीच सांगा की दोन हजारांच्या वर रोख दिलं तर ती मिळत नाही. चारचौघांत वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते, हे गणेश मंडळात काम केलेल्यांना ठाऊक असतंच. आम्ही वर्गणी फिरवतच नाही. खाते क्रमांक पाठवतो आणि काम काय आहे ते सांगतो.

काम सिकलसेलचं आहे. नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या आदिवासी पाड्यांवर हा आजार घरोघर ओळखीचा आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फोडून काढावीत अशा कळा येतात. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ला यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि उद्दिष्ट २०४७चं ठेवलं. तपासणी होते, कळा कमी करणाऱ्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्याही मिळतात. पण पाड्यावरून गाडीरस्त्यापर्यंतची जीप, सोबत येणाऱ्या आईची बुडालेली मजुरी, दोघांचं दोन वेळचं जेवण, हे कुठल्याच कागदावर येत नाही. आमचा निधी तेवढ्यासाठी आहे. देणाऱ्यांना हे इतकं स्पष्ट सांगता आलं पाहिजे. "गरीब मुलांसाठी" असं मोघम सांगून निघू नका.

आता अंतर. अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशनची सॅडलसोर १००० नावाची कसोटी जगभरच्या लांब पल्ल्यावाल्यांना माहीत आहे. २४ तासांत १,००० मैल, म्हणजे सुमारे १,६०९ किलोमीटर. थांबे धरून ताशी ६७ची सरासरी पडते. आपल्या बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर हा आकडा मनातसुद्धा आणू नये. केळीच्या ट्रक, उसाच्या बैलगाड्या, शेतातून एकदम रस्त्यावर येणारा ट्रॅक्टर आणि दर गावाला गतिरोधक. यंदा आम्ही पहाटे पाच ते रात्री अकरा एवढंच धरलंय. अठरा तास, पावणेसातशेच्या आसपास. शर्यत लावायची नाही, पहिला कोण हे मोजायचं नाही. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय वेगाची स्पर्धा करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९खाली गुन्हा आहे.

मार्ग आखताना उजेड कुठे आहे आणि अंधार कुठे, ते आधी बघा. धुळ्याहून जळगाव, भुसावळ हा महामार्ग ५३, जुन्या लोकांच्या तोंडी अजून सहा नंबरच. तो पहाटेच्या अंधारात उरकायचा. भुसावळला तापी ओलांडली की फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा हा उत्तरेचा सगळा पट्टा दिवसाउजेडी. उजव्या हाताला सातपुडा सोबतीला असतो. प्रकाशाच्या पुलावर परत तापी ओलांडायची, नंदुरबार, दोंडाईचा आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला धुळे. ही एक फेरी. घरी तासभर आडवं पडायचं, मग फक्त महामार्गावरून भुसावळपर्यंत जाऊन परत. उत्तरेचा रस्ता रात्री करायचा नाही, एवढं त्या बाभळीने आम्हाला शिकवलं. अंधारात, मागे दिवा नाही की रेडियम नाही अशी भरलेली ट्रॉली तुम्हाला दिसते तेव्हा ती वीस-पंचवीस मीटरवर आलेली असते.

तारीख फेब्रुवारीच्या मध्यात धरा. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याची पहाट बोटं गोठवते, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेने शहादा-दोंडाईचा रस्ता भरलेला असतो, आणि संक्रांतीच्या आगेमागे मांजा. गळ्याला जाड मफलर किंवा कॉलर फेब्रुवारीतही ठेवा, तुटका मांजा तारांवर आणि झाडांवर आठवडेच्या आठवडे लोंबत राहतो. मार्च उजाडला की खान्देशातलं ऊन तुम्हाला विचारत नाही. चैत्रात तर सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांच्या रांगा रात्रभर रस्त्याच्या कडेने चालतात. त्या दिवसांत निघूच नका.

दोघांनी जायचं म्हणजे तयारीही दोघांची. आम्ही एक शब्द ठरवलाय, "बस भो." दोघांपैकी कुणीही तो उच्चारला की पुढच्या सुरक्षित जागी थांबायचं. दुसऱ्याने "का रे" विचारायचं नाही, "अजून दहा किलोमीटर" म्हणायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. शब्द ठरवला आणि विषय संपला असं होत नाही. सरावात तो खरोखर वापरा. पहिल्या सरावात माझ्या मित्राने तो एकदाही वापरला नाही, आणि परत आल्यावर कबूल केलं की पारोळ्यापासून मान धरली होती. दुसऱ्या सरावात मीच मुद्दाम दोनदा म्हटलं, तेव्हा त्याची भीड चेपली. आपला माणूस दुखणं अंगावर काढण्यातच मोठेपणा मानतो. मित्रासमोर तर जास्तच.

हळू चालवणारा पुढे, अनुभवी मागे. शेजारी-शेजारी चालवत गप्पा नाहीत. एकाने आपल्याच लेनच्या उजव्या अंगाने, दुसऱ्याने डाव्या अंगाने, मध्ये दोन-तीन सेकंदांचं अंतर. चुकामूक झाली तर पुढच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर थांबायचं. पेट्रोलचे थांबे लहान टाकीच्या हिशेबाने लावायचे. माझी गाडी साडेतीनशे सीसीची आहे, त्याची दीडशेची, आणि अख्खं वेळापत्रक त्याच्या गाडीवर बेतलंय.

गाडीचं काम निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी मिस्त्रीकडे टाका. ऑइल बदलणं, एअर फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड, चेनस्प्रॉकेट, बॅटरीची टोकं. नवीन बसवलेला भाग दोन-तीनशे किलोमीटर चालवून बघितल्याशिवाय मोठ्या दिवसाला नेऊ नका. नवे ब्रेक पॅड बसायला वेळ लागतो, नवी चेन ताणते. टायरच्या खोबणीत झिजेची खूण असते, रबर तिच्या बरोबरीला आलं असेल तर टायर बदला. हवा पहाटे, टायर थंड असताना मोजा. क्लच वायर जादाची न्या, आणि ती सीटखाली गुंडाळून ठेवण्यापेक्षा जुन्या वायरच्या शेजारून ओवून चिकटपट्टीने बांधून ठेवा. तुटली की फक्त दोन टोकं जोडायची. ट्यूबलेस असेल तर पंक्चरच्या भोकात भरायच्या रबरी बत्त्या आणि हातपंप, ट्यूबचा असेल तर जादाची ट्यूब आणि चाक खोलायचे पाने. हे सगळं घरच्या अंगणात एकदा स्वतःच्या हाताने करून बघा.

शरीराचा सराव वेगळा. महिनाभर आधीपासून दर रविवारी शंभर, मग अडीचशे, मग चारशे. चारशेला कळतं की आपलं काय दुखतं. माझे तळहात बधिर होतात, हे मला चारशेनंतरच कळलं. मग हँडल थोडं माझ्याकडे वळवून घेतलं आणि खांदे सैल सोडायची सवय लावली.

पाणी तहान लागायच्या आधी प्या. वाऱ्यात घाम दिसत नाही, पण जातो. दर थांब्याला पेलाभर, आणि दिवसातून दोनदा ओआरएस. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लघवी गडद पिवळी झाली तर तुम्ही उशीर केलाय. सिकलसेलच्या मुलांनाही डॉक्टर हेच सांगतात, पाणी कमी पडू देऊ नका, थंडी लागू देऊ नका, कळा त्यानेच उठतात. पाण्याची बाटली तोंडाला लावताना मला हे दरवेळी आठवतं.

खाणं हलकं. चोपड्याला शेवभाजीचा वास येतो, ती तर्री बघून जीव कासावीस होतो, पण तिला हात लावायचा नाही. वरच्या तेलाने तासाभरात डोळे जड होतात. ज्वारीची भाकरी, दही, थोडी मुगाची खिचडी, आणि केळी. यावलच्या रस्त्यावरून जाताना केळीची काळजी कशाला? कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत दुसऱ्या दिवशी दुपारी, मांडी घालून.

झोपेवर मी सगळ्यात जास्त बोलतो, त्याचं कारण वर आलंच आहे. आधीच्या तीन रात्री आठ-आठ तास. आदल्या रात्री उत्साहाने झोप येत नाही, म्हणून त्याच्या आधीच्या दोन रात्री महत्त्वाच्या. ताशी साठने तीन सेकंद डोळा लागला तर गाडी पन्नास मीटर आपल्याशिवाय गेलेली असते. खुणा ओळखा. जांभया सुटणं ही पहिली. मागचं गाव कधी गेलं हे आठवेनासं होणं ही शेवटची, तिथे उतरलंच पाहिजे. चहा किंवा कॉफी प्यायची आणि लगेच वीस मिनिटं आडवं व्हायचं. तिचा असर चढायला तेवढाच वेळ लागतो, दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. तोंडावर पाणी मारून, गाणी म्हणून झोप जात नाही. आम्ही दोन्ही करून पाहिलंय.

कागदपत्रं थोडक्यात. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये असू द्या, झेरॉक्सही ठेवा. हेल्मेट आयएसआयचंच, आणि हनुवटीचा पट्टा लावलेलं. १०८ आणि ११२ पाठ असतातच, महामार्गासाठी १०३३ही लिहून ठेवा. धुळ्यात एक माणूस फोनपाशी बसवा. आमच्याकडे मित्राची धाकटी बहीण आहे. प्रत्येक थांब्यावरून तिला फोन. ठरल्या वेळेच्या वर पाऊण तास झाला तर ती आम्हाला लावणार, लागला नाही तर मागच्या थांब्यापासून शोध सुरू करणार. थांब्यांची यादी तिच्याकडे वहीत आहे.

आदल्या संध्याकाळी टाकीवर एक कागद चिकटवायचा. नाव, रक्तगट, घरचा नंबर, कुठल्या औषधाची ॲलर्जी. अक्षर मोठं, वरून पारदर्शक पट्टी. मागच्या वेळी मित्राने हसून टाळलं होतं. यंदा त्याने स्वतःच लिहून आणलाय, आणि खाली एक ओळ जादा घातली आहे की सोबतच्या गाडीवाल्यालाही बघा. पहाटे साडेचारला मी त्याच्या दारात जाईन, त्याची आई ओट्यावर येऊन म्हणेल, "जपीसन जाय रे भाऊ," आणि आम्ही गाड्या गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेऊ, शेजारपाजार झोपलेला असतो.