मोठ्या शिकारीसाठी रायफलची गोळी कशी निवडावी

कॅलिबरवर (नळीच्या व्यासावर) वाद घालण्याआधी गोळीची बांधणी बघा. शिशाचा गाभा आणि वर तांब्याचं पातळ कवच असलेली साधी गोळी हरणाला पुरते. तीच मॅग्नम (जास्त ताकदीच्या काडतुसाच्या) रायफलमधून 50 मीटरवर एल्कच्या (हरणाच्याच कुळातल्या भल्या मोठ्या जनावराच्या) खांद्याच्या हाडावर बसली, तर वरच्यावर फुटते. जखम उथळ राहते आणि जखमी जनावर निसटतं. तिथे बाँडेड (गाभा कवचाला घट्ट जोडलेली) किंवा अख्ख्या तांब्याची गोळीच हवी.

.30 कॅलिबरमध्ये हरणाला 150 ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप, एक ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम), एल्क आणि मूस (एल्कहूनही मोठं जनावर) यांना 165 ते 180. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. नळीच्या आतल्या खाचांचा पीळ (जो गोळीला फिरकी देतो) मंद असेल तर ती स्थिर राहत नाही. म्हणून तांब्याची गोळी एक पायरी हलकी घ्या; चालतं, कारण आत शिरल्यावर तिचं वजन फारसं घटत नाही. पण तिला वेग लागतो. वेग सेकंदाला साधारण 600 मीटरच्या खाली गेला की बऱ्याच तांब्याच्या गोळ्या नीट फुलत नाहीत (टोक पसरून रुंद होत नाही), बारीक भोक पाडून आरपार जातात. लांबचा नेम धरणार असाल तर वेगाचा तक्ता आधी पाहा.

हरणा-एल्कला फुल मेटल जॅकेट (पूर्ण कवचाची, न फुलणारी गोळी) नकोच. आणि तिथला कायदा तपासा: कॅलिफोर्नियात 2019 पासून शिशाच्या गोळीने शिकार करता येत नाही.