वजनाच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर सावकाश जेवायला, सावकाश प्यायला शिकताना

बेरियाट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या, शस्त्रक्रियेची तारीख ठरली की घरात चर्चा होते ती पैशांची, रजेची आणि दवाखान्यात सोबत कोण राहणार याची. जेवायचा वेग कुणाच्या डोक्यातही नसतो. माझं ठाम मत आहे की तारीख मिळाल्या दिवसापासून हात घालायचा तो याच गोष्टीला. तिच्या स्लीव्ह नावाच्या प्रकारात सर्जन जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग काढून टाकतात. राहते ती एक अरुंद नळी, सुरुवातीला १०० ते १५० मिलिलिटर मावेल एवढी. बायपास या दुसऱ्या प्रकारात (हृदयाची नव्हे, जठराची बायपास) जठराच्या वरच्या टोकाची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करतात आणि ती आतड्याला जिथे जोडतात ते तोंड एक-दीड सेंटिमीटरचं असतं. हे सगळं दोन-तीन तासांत होऊन जातं. घास उचलणारा हात मात्र ऑपरेशनच्या टेबलावरून जसाच्या तसा घरी येतो.

मी कराडजवळच्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. मधली सुट्टी वीस-पंचवीस मिनिटांची, त्यात मुलांची भांडणं, वह्या आणि डबा. घरी सगळ्यांना वाढून झालं की ओट्याशी उभ्या उभ्या दोन पोळ्या. आपल्याकडच्या कितीतरी बायका अशाच जेवतात आणि भराभर आटपणाऱ्या बाईचं कौतुकही होतं. म्हणून सांगते, सावकाश जेवणं आपोआप येत नाही. त्यासाठी बसावं लागतं, वेळ काढावा लागतो, घरच्यांना सांगावं लागतं. माझी स्लीव्ह होऊन आता काही वर्षं झाली. मावसबहिणीची बायपास ठरली तेव्हा तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. तुमच्या सर्जनने किंवा डाएटिशियनने दिलेला तक्ता काही वेगळं सांगत असेल, तर तक्ताच पाळायचा.

तारीख मिळाल्यापासून

पहिले काही दिवस काहीही बदलू नका, फक्त मोजा. पहिल्या घासाला मोबाइलवर वेळ लावायची, शेवटच्या घासाला थांबवायची. बहुतेकांना आकडा बघून धक्का बसतो. आपल्याला पोहोचायचंय ते वीस ते तीस मिनिटांवर, तेही पूर्वीपेक्षा कितीतरी कमी अन्न घेऊन.

मग भांडी बदला. ताटाऐवजी लहान ताटली, मोठ्या वाटीऐवजी मुलांच्या वरणभाताची वाटी आणि चहाचा चमचा. हाताने जेवण्यात वाईट काही नाही, पण पाच बोटांत बसणारा घास आता चालणार नाही. चमच्याने माप डोळ्यांत बसलं की पुन्हा हाताने जेवा, तीन बोटांच्या टोकांनी, वाटाण्याएवढा घास घेऊन.

खरा वेग कुठे असतो ते एकदा स्वतःकडे बघून ओळखा. तोंडात एक घास चावला जात असतो आणि तेवढ्यात बोटं पुढचा भात कालवत असतात. हात तयार म्हटल्यावर तोंडालाही घाई होते. त्यामुळे सगळा भात एकदम कालवायचा नाही. चमचाभर भात, त्यावर चमचाभर आमटी, तो घास तोंडात गेला की चमचा ताटलीत ठेवायचा आणि हात मांडीवर. घास गिळून होईपर्यंत हात मांडीवरच. अवघड जातं, पण एवढी एक सवय लागली तरी निम्मं काम झालं.

टीव्ही बंद. वह्या तपासत जेवणं बंद. पोट जे सांगतं ते आता फार हळू आवाजात सांगणार आहे.

आणि जेवणावरचा तांब्या उचला. घासागणिक पाण्याचा घोट घेणाऱ्यांना हेच सगळ्यात जड जातं. शस्त्रक्रियेनंतर जेवताना पाणी नाही आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही, हा नियम जवळजवळ प्रत्येक सर्जन देतात. एवढ्याशा जागेत पाणी भरलं तर अन्नाला जागा उरत नाही आणि पोट ताणून दुखतं. शिवाय नीट न चावलेला घास पाण्याने ढकलायची सवय असते, तीही मोडते. महिनाभर आधी सुरुवात केली तर ते दिवस सोपे जातात.

शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा, बराचसा पातळ आहार देतात. त्याने यकृतातली चरबी कमी होते, यकृत आकसतं आणि जठरावर आलेला त्याचा डावा भाग बाजूला करणं सर्जनला सोपं जातं. हा पंधरवडा उपासासारखा कसाबसा काढू नका. घोट घेण्याचा सराव करायला याच्यासारखी वेळ पुन्हा मिळत नाही.

घोट

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत खाणं हा प्रश्नच नसतो, प्रश्न असतो पाण्याचा. दिवसाला दीड ते दोन लिटर पोटात जायला हवं, आणि एका वेळी दोन मोठे घोट घेतले तरी छातीच्या मधल्या हाडामागे दाटून येतं. इथे मला माझं गणित कामी आलं. ३० मिलिलिटरचं लहान माप घ्या, औषधाच्या बाटलीबरोबर येतं तसं. ते १५ मिनिटांत, तीन-चार घोटांत संपवायचं. तासाला १२० मिलिलिटर झालं. सकाळी सहा ते रात्री नऊ म्हणजे १५ तास, १,८०० मिलिलिटर. पुढे जेवणं सुरू झाली की त्यांच्या वेळा आणि नंतरचे अर्धे तास धरून तीनेक तास जातात, तरी १,४४० उरतात. तोवर घोटही थोडा मोठा झालेला असतो. म्हणजे जमतं, पण मध्ये दोन तासांचा खंड पडला तर संध्याकाळी भरून काढता येत नाही. म्हणून मोबाइलला गजर लावा. तहान लागेल तेव्हा पिऊ, असं म्हणू नका.

घोट कसा घ्यायचा? पाणी तोंडात घ्या, क्षणभर जिभेवर धरा, मग गिळा. भांडं खाली ठेवा. तांब्या किंवा बाटली वर धरून घशात ओतायची आपली जी पद्धत आहे ती पूर्ण सोडा, कारण त्यात पाण्याबरोबर हवाही जाते. त्या हवेला आत जागा नसते, मग ढेकर येईपर्यंत जीव घाबरा होतो. स्ट्रॉ नको, सोडा आणि कोल्ड्रिंक नको, बशीतला चहा फुरके मारत पिणंही नको. लहान फुलपात्राला ओठ लावून प्यावं. गार पाणी टोचत असेल तर कोमट घ्या, जिऱ्याचं गाळलेलं पाणी घ्या. तक्त्यात परवानगी आली की पातळ, गाळलेलं ताक. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ताकानेच मला तारलं. लघवी गडद पिवळी होत असेल, तोंड कोरडं पडत असेल, उठताना चक्कर येत असेल, तर पाणी कमी पडतंय असं समजा.

बायपास झालेल्यांनी एक लक्षात ठेवायचं. उसाचा रस, सरबत, गोड लस्सी असं पातळ गोड अन्न झपाट्याने आतड्यात उतरतं आणि अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब सुरू होऊ शकतात. कधी एक ते तीन तासांनी रक्तातली साखर खाली जाऊन हातपाय थरथरतात. हे टाळायचं असेल तर सावकाश पिणं पुरेसं नाही, ते पेयच सोडावं लागतं.

घास

आधी गाळलेलं पातळ, मग ताक-दूध-आंबिलीसारखं, मग वाटलेलं, मग मऊ, आणि सहा-आठ आठवड्यांनी नेहमीचं, असा साधारण क्रम असतो. आठवडे कमी-जास्त होतात, पण कुठलीही पायरी गाळायची नाही. आतले टाके भरून यायला वेळ लागतो आणि बाहेरून ते दिसत नाही.

मऊ अन्नाची परवानगी मिळाली की पहिला घास असा घेऊन बघा. घट्ट वरणात कुस्करलेला फुलक्याचा नखाएवढा तुकडा तोंडात घ्या. वीस-तीस वेळा चावा असं सांगतात, पण मला आकड्यापेक्षा जीभ खरी वाटते. टाळूवरून जीभ फिरवायची. कण, साल, तंतू लागला तर अजून चावायचं. काहीच सापडेनासं झालं की गिळायचं. मग लगेच दुसरा घास नाही. छातीच्या हाडाखाली लक्ष द्यायचं. तो खाली उतरल्याचं नीट कळतं. उतरल्यावर पुढचा.

काही पदार्थ कितीही चावले तरी गोळा होऊन बसतात. पाव, गरम मऊ पोळीचा लगदा, चिकट भात, साबुदाणा, कोरडे पोहे, कोरडं चिकन. भात हवाच असेल तर मोकळा, जुन्या तांदळाचा, दोन-तीन चमचे. भाकरी ताकात किंवा आमटीत चांगली भिजवून. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कोरडा अडकतो, तो दह्यात कालवून घ्या. चिकनपेक्षा मासा पटकन जमतो, मात्र काटे आधी काढून ठेवायचे. मोसंबी-संत्र्याचे पापुद्रे काढून टाका. उपासाचं विचाराल तर पहिले काही महिने उपास नकोतच. पुढेही साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी बरी.

आपल्याकडे पोळी-भाजी आधी आणि वरण-भात मागून. आता उलटं करायचं. वरण, पनीर, अंडं, मासा, दही आधी, मग भाजी, जागा उरली तर पोळी. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं जायला हवीत आणि पहिल्या दहा घासांनंतर जागा संपणार आहे. पोट मोकळं असताना प्रथिनंच जाऊ द्या.

कुठे थांबायचं

पूर्वी पोट भरलं की जडपणा यायचा. आता तसं होत नाही. कुणाला खोल उसासा येतो, कुणाला उचकी, कुणाला शिंक, कुणाचं नाक वाहायला लागतं, कुणाला हाडाखाली दाब वाटतो. आपलं चिन्ह कुठलं ते पहिल्या काही आठवड्यांत सापडतं. माझा उसासा आहे. तो आला की समोर अर्धा चमचा उरला असला तरी झाकण. “एवढ्याशाने काय होतंय, संपव” असं सासूबाई मायेने म्हणायच्या. तो एवढासा घासच उलटी आणतो हे त्यांना एकदा शेजारी बसवून समजावलं. आता त्याच बाकीच्यांना थांबवतात.

सावकाश म्हणजे तासभर नव्हे. तीस मिनिटं झाली की उठायचं. तासभर ताटलीशी बसलं की अन्न खाली सरकत राहतं, जागा होत राहते आणि आपण खात राहतो. शेव, बिस्किटं, चिवडा हे तर चावल्यावर पीठ होऊन अलगद उतरतात, पोट भरल्याचं कळतच नाही. वजन पुन्हा चढायला लागतं ते बहुतेक वेळा इथूनच.

अडकलं तर

छातीत गच्च वाटतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते, बोलवत नाही. अशा वेळी पाठीवर थापट्या मारून घेऊ नका आणि घास ढकलायला पाणी तर मुळीच पिऊ नका. वर पाणी साचतं आणि कळ वाढते. खाणं थांबवा, उभं राहा, हळूहळू चालत राहा, लाळ थुंकून टाका. बहुतेक वेळा थोड्या वेळात घास उतरतो किंवा बाहेर येतो. नंतर त्या दिवशी पातळच घ्यायचं.

काही त्रास मात्र सावकाश खाण्याने बरे होणारे नसतात. दिवसभर पाणीसुद्धा टिकत नसेल किंवा उलट्या काही दिवस चालूच असतील, तर सर्जनला लगेच कळवा. अशाने शरीरातलं बी१ जीवनसत्त्व संपतं आणि त्याचा मेंदूवर, नसांवर परिणाम होतो. पहिल्या आठवड्यांत ताप, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, १२० च्या वर नाडी, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

चारचौघांत

शाळेत मी डब्याचे दोन भाग केले. अर्धा मधल्या सुट्टीत, अर्धा ऑफ तासाला. मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे सुट्टीतली देखरेख काही महिने दुसऱ्या बाईंनी घेतली. नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने वरिष्ठांना एवढं तरी सांगावं. आजाराचा तपशील द्यायची गरज नाही, “डॉक्टरांनी दोनदा थोडं थोडं खायला सांगितलंय” एवढं पुरतं.

लग्नाच्या पंगतीत वाढपी मागे उभा असतो आणि शेजारचे भराभर जेवतात. तिथे पानात पहिल्यांदाच थोडं घ्या आणि शेवटचे दोन घास राखून ठेवा. पान रिकामं दिसलं की आग्रह होतो, अर्धं भरलेलं दिसलं की वाढपी पुढे जातो. घरून थोडं वरण किंवा दही खाऊन निघालात तर भुकेची घाईही होत नाही. जिलबी हातात घेऊन कुणी तोंडाशी आणली, तर हसून हात जोडायचे.

वर्षभरानंतर पोटात थोडं जास्त मावायला लागतं, अडकणं कमी होतं, आणि शिक्षा होत नाही म्हटल्यावर जुना वेग हळूच परत येतो. म्हणून मी अधूनमधून, विशेषतः परीक्षांच्या आणि लग्नसराईच्या दिवसांनंतर, पुन्हा मोबाइलवर वेळ लावून जेवते. वीस मिनिटांच्या आत आटपलं, तर आठवडाभर पुन्हा लहान वाटी, चहाचा चमचा आणि हात मांडीवर. बहिणीलाही हेच करायला लावते. आमची जेवणाची वेळ एकच आहे, त्यामुळे त्या आठवड्यात फोन स्पीकरवर ठेवून आम्ही दोघी बरोबरच जेवायला बसतो.