ट्रॉली ओढायला टर्बो घ्यावा की मोठं इंजिन?

शोरूममध्ये पहिला प्रश्न असतो 'किती एचपीचा?' ट्रॉलीसाठी ट्रॅक्टर घेणाऱ्यानं हा प्रश्न जरा मागे ठेवावा. ४५ ते ५५ एचपीच्या पट्ट्यात दोन वेगळ्या घडणीची इंजिनं शेजारी शेजारी उभी असतात. महिंद्रा ५७५ डीआयला चार सिलिंडर, २,७३० सीसी, टर्बो नाही आणि पूर्ण ताकद १,९०० आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे). जॉन डिअर ५३१० ला तीन सिलिंडर, टर्बो, ५५ एचपी, तेही २,४०० आरपीएमवर. पानटपरीवर यातला कोणता चांगला यावर तासभर वाद चालतो, पण ट्रॉलीत काय भरणार आणि ती कुठून निघणार हे कोणी विचारत नाही.

साध्या इंजिनात पिस्टन खाली जाताना जेवढी हवा आत येईल तेवढीच. जास्त ताकद हवी तर सिलिंडर मोठा करावा लागतो. टर्बोत सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एक चक्री फिरवतो आणि त्याच दांड्यावरची दुसरी चक्री इंजिनात हवा कोंबते. हवा जास्त, म्हणून डिझेलही जास्त जाळता येतं. यात मेख एकच आहे. इंजिन हळू चालत असेल तर धुराला जोर नसतो, आणि धुराला जोर नसला की चक्रीलाही नसतो. साधारण १,२००-१,४०० आरपीएमच्या खाली टर्बोचं इंजिन हे नुसतं लहान इंजिन असतं.

आधी काट्यावर जा

ट्रॉली रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा काटा करा. डोळ्यावर विश्वास ठेवू नका. कापसाची ट्रॉली दुरून डोंगरासारखी दिसते, पण भरते २५-३० क्विंटल. उलट एक ब्रास रेती, म्हणजे १०० घनफूट, ट्रॉलीच्या तळाशी बसल्यासारखी दिसते आणि वजन होतं साडेचार टनांच्या आसपास. ओली असली तर आणखी. दोन एक्सलची रिकामी ट्रॉलीच दीड-दोन टनांची असते. हिंगणघाटच्या मार्केटला फक्त कापूस नेणाऱ्याची गरज आणि हंगाम संपल्यावर रेती-विटांच्या खेपा मारणाऱ्याची गरज एक नाही. वर्षातली सगळ्यात जड खेप कोणती, ते कागदावर लिहा.

मग ओढ काढा

समजा ट्रॅक्टर २ टन, ट्रॉली २ टन, माल साडेचार टन. एकूण साडेआठ टन. डांबरी रस्त्यावर चाकं फिरवायला वजनाच्या साधारण २ टक्के ओढ लागते, म्हणजे १७० किलो. चढ २० मीटरला १ मीटर असेल तर ५ टक्के आणखी, म्हणजे ४२५ किलो. बेरीज ५९५ किलो. ही ओढ ताशी १५ किलोमीटरच्या वेगानं टिकवायला चाकांवर ३३ एचपी लागतात. गिअर आणि चाकाच्या घसरणीत १५-२० टक्के जातात, तेव्हा इंजिनातून ४० एचपी निघायला हवेत.

आता हीच ट्रॉली सपाट पांदणीवर आणा. भुसभुशीत मातीत चाकं फिरवायलाच वजनाच्या ८ टक्के ओढ लागते: ६८० किलो. म्हणजे डांबरी चढापेक्षा सपाट पांदण जास्त ओढून घेते. पण पांदणीत ताशी ८ किलोमीटरच्या वर कोणी जात नाही, त्यामुळे चाकांवर लागणारे एचपी जेमतेम २०.

टर्बो की मोठं इंजिन हा सगळा वाद या दोन आकड्यांत आहे. रस्त्यावर एचपी लागतात, आणि ते टर्बो आरामात देतो. पांदणीत एचपी पडून राहतात. तिथं लागते कमी आरपीएमवरची दमदार ओढ आणि मागच्या चाकांवरचं वजन. वावरातून निघताना धुऱ्यावर चाक अडलं, की क्लच सोडल्याबरोबर पहिल्या दोन सेकंदांत जे होतं ते महत्त्वाचं. मोठं इंजिन तिथं दबतं, पण धरून राहतं. टर्बोला आधी रेस द्यावी लागते. ड्रायव्हर अर्धा क्लच दाबून रेस देतो आणि दोन हंगामांत क्लच प्लेट झिजून जाते. मग दोष ट्रॅक्टरला.

कागदावर कोणता आकडा पाहायचा

टॉर्क, म्हणजे इंजिनाच्या दांड्याचा पिळायचा जोर, आणि टॉर्क बॅकअप. टॉर्कचा हिशेब सोपा आहे: एचपीला ७,०२० नं गुणा आणि आरपीएमनं भागा, न्यूटन-मीटर मिळतात. ४५ एचपी १,९०० आरपीएमवर असतील तर १६६. तेच ४५ एचपी २,४०० वर असतील तर १३२. गिअर वेगळे असल्यानं चाकापर्यंत हा फरक बराच भरून निघतो, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नका. पाहायचं ते हे की लोड आल्यावर आरपीएम पडला तर टॉर्क किती वाढतो. पूर्ण ताकदीच्या आरपीएमवर १६६ आणि जास्तीत जास्त २००, तर बॅकअप झाला साधारण २० टक्के. १५ च्या खाली असेल तर प्रत्येक चढावर गिअर उतरवत बसावं लागेल. २५ च्या वर असेल तर आरपीएम पडूनही ट्रॅक्टर त्याच गिअरमध्ये चढ काढतो. जास्तीत जास्त टॉर्क कोणत्या आरपीएमला येतो तेही वाचा. १,२००-१,३०० ला येत असेल तर ते इंजिन पांदणीचं आहे, १,६०० च्या पुढं येत असेल तर रस्त्याचं.

हे आकडे सेल्समनच्या पत्रकात नसले तरी मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेच्या चाचणी अहवालात असतात. ट्रॅक्टरचं मॉडेल सांगून तो अहवाल मागा. त्यात साधारण ४३ अंश तापमानात घेतलेली चाचणीही असते, आणि आपल्याला तीच जास्त कामाची. २५ अंशांची हवा ४५ वर गेली की सहा टक्के पातळ होते. चंद्रपूरच्या मे महिन्यात ५० एचपीचं कोणतंही इंजिन दुपारी ५० देत नाही.

डिझेलचा अंदाजही तिथूनच काढा. इंजिन ३० किलोवॅट, म्हणजे साधारण ४० एचपी, देत असेल आणि खप किलोवॅट-तासाला २५० ग्रॅम असेल, तर तासाला साडेसात किलो, म्हणजे ९ लिटर. भरल्या ट्रॉलीनं लांबचा पल्ला असेल तर टर्बो साधारण कमी पितो. रिकाम्या परतीत मोठं इंजिन मोठेपणाचे पैसे घेतं.

घाट असेल तर

चढताना टर्बो उजवा. उंचीवर हवा विरळ होते आणि साधं इंजिन दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद गमावतं. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास, म्हणजे मैदानापेक्षा सात-आठ टक्के कमी. टर्बो ही तूट बहुतेक भरून काढतो.

उतरताना गणित उलटं होतं. इंजिनाचा ब्रेक सीसीवर चालतो. पाय उचलल्यावर टर्बो काही धरत नाही. पुसदच्या बाजूला किंवा मेळघाटात भरली ट्रॉली नेणाऱ्यानं ज्या गिअरनं चढलो त्याच गिअरनं, किंवा एक खालच्या, उतरावं आणि दोन्ही ब्रेक पेडलची जोडपट्टी लावलेली असावी. न्यूट्रलला टाकून डिझेल वाचवणारे आहेतच. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर आधी ते बसवा, इंजिनाची चर्चा नंतर.

धूळ, सरकी आणि रांग

टर्बोची चक्री मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असते. तिचे शत्रू दोन, धूळ आणि जळकं ऑइल. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या रबरी होजचा क्लॅम्प ढिला असेल तर पांदणीची माती फिल्टर चुकवून थेट चक्रीवर आदळते आणि पात्यांच्या कडा झिजवते. मळणीच्या आणि कापसाच्या दिवसांत क्लॅम्प रोज हातानं तपासा. कोरडा फिल्टर झटकताना दगडावर आपटू नका, कागद फाटतो. आतून बाहेर हलकी हवा मारा. रेडिएटरच्या जाळीवर कापसाचे तंतू चिकटून गादी तयार होते, तीही रोज काढा. हे मोठ्या इंजिनालाही लागू आहे, पण ते हयगय सहन करतं. टर्बो करत नाही.

ऑइल २५० तासांनी किंवा पुस्तिकेत त्याआधी सांगितलं असेल तर तेव्हा बदला, आणि पुस्तिकेतल्याच ग्रेडचं घ्या. सकाळी सुरू केल्याबरोबर रेस देऊ नका, ऑइल वर चढायला अर्धा मिनिट द्या. जड ओढीनंतर बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटं हळू चालू ठेवा, नाहीतर तापलेल्या चक्रीजवळ ऑइल जळून कोळसा होतो. पण जिनिंगच्या फाटकासमोर तीन-चार तासांच्या रांगेत ट्रॅक्टर तसाच भुरभुरत ठेवणं हेही वाईट. कमी आरपीएमवर टर्बोच्या सिलातून ऑइल झिरपायला लागतं. सेल्फ (स्टार्टर) दमलेला आहे म्हणून इंजिन बंद न करणारे खूप. त्यांनी बॅटरी बदलावी, टर्बोपेक्षा ती फार स्वस्त.

निवड

५० एचपीच्या वर जायचं असेल तर निवड जवळपास झालेलीच आहे. १ जानेवारी २०२३ पासून या गटाला ट्रेम-४ चे प्रदूषण नियम लागू झाले, तेव्हा तिथं बहुतेक कॉमन रेल (कॉम्प्युटरच्या हुकमानं डिझेल सोडणारी यंत्रणा) आणि टर्बोच मिळेल. त्याचं काम लॅपटॉपवाल्या मिस्त्रीकडे. तसा मिस्त्री तुमच्या तालुक्याला आहे का, ते घेण्याआधी विचारा.

५० च्या आत माझं मत असं: निम्म्याहून जास्त खेपा वावर, पांदण आणि गावाजवळच्या मार्केटच्या असतील तर कमी आरपीएमचं, जास्त सीसीचं साधं इंजिन घ्या. वरुड-मोर्शीकडून संत्री घेऊन तीस-चाळीस किलोमीटर डांबरी रस्ता कापायचा असेल, किंवा वाट घाटाची असेल, तर टर्बो.

ठरवण्याआधी स्वतःची भरलेली ट्रॉली लावून चालवून पाहा. शोरूमच्या अंगणातली फेरी काही सांगत नाही. हूक खालच्या ड्रॉबारलाच लावा, वरच्या लिंकला लावलेल्या ट्रॉलीनं ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि मागे उलटतो. पांदणीत ट्रॅक्टर थांबवा, १,२०० आरपीएम ठेवा आणि क्लच सरळ सोडा. आरपीएम पडून सावरतो की बंद पडायला येतो ते बघा. काळा धूर दोन-तीन सेकंदांत विरला तर ठीक, चालूच राहिला तर हवा कमी पडते आहे. मागचं चाक जागेवर फिरत असेल तर इंजिन बदलून उपयोग नाही. चाकांत पाणी भरा किंवा वजन लावा.

जुना टर्बोवाला घेत असाल तर थंड इंजिनावर टर्बोची हवेची होज काढा. आत ऑइलचा पातळ ओलावा चालतो, थारोळं चालत नाही. चक्रीचा दांडा दोन बोटांत धरून हलवा. वरखाली किंचित हलला तर चालेल, आत-बाहेर सरकला तर टर्बो संपलाय. पात्यांच्या कडा वाळूनं घासल्यासारख्या बोथट दिसल्या तर नुसता टर्बो बदलून भागणार नाही, कारण तीच माती पुढं लाइनर-पिस्टनपर्यंत गेलेली असते. किंमत ठरवताना इंजिनाचं कामही त्यात धरा.