ताडोब्याची लेन्स घरी ठेवा: नागपूरहून समुद्राखालच्या फोटो वर्कशॉपला जाताना

आपल्या नागपुरात कॅमेरा घेतला की पहिली ट्रिप ताडोबा नाहीतर पेंचचीच, अन् मग तीच सवय हाताला लागते, वाघ दूर, आपण जिप्सीत, मोठी टेली लेन्स, बीनबॅग, बस. मी पण तसाच शिकलो. समुद्राखाली हे सगळं उलटं आहे राजेहो. तिथं फोटो चांगला यायचा असेल तर मासा हाताच्या अंतरावर पाहिजे, काहून की मधे जेवढं पाणी तेवढा फोटो धुरकट अन् निळा. मास्कमधून सगळं पाव अंतरानं जवळ दिसतं, म्हणून वाटतं पोचलो, पण नाही पोचलेलो, अजून जवळ जायचं असतं. अन् तेवढं जवळ जायचं तर पाण्यात एका जागी स्थिर तरंगता आलं पाहिजे. म्हणून माझं सगळ्यांना हेच सांगणं की वर्कशॉपचे पैसे नंतर भरा, आधी तरंगायला शिका.

सुरुवात नागपुरातच करा. ओपन वॉटर, म्हणजे स्कूबा डाइव्हिंगचा पहिला कोर्स, त्याला २०० मीटर न थांबता पोहणं अन् १० मिनिटं तरंगणं लागतं, त्यामुळे दोन-तीन महिने आधी पोहण्याचा पूल लावा. मेडिकल फॉर्म खरा भरा, दमा, कानाचं ऑपरेशन, हृदयाचा त्रास काही असेल तर डॉक्टरांची सही घेऊनच निघा, लपवू नका, खाली गेल्यावर ते जिवावर येतं. कोर्स अंदमानात करता येतो किंवा तारकर्लीला एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं सेंटर आहे तिथं, आपल्यासाठी ते पण महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला पडतं पण आपल्या भाषेत बोलणारी माणसं भेटतात. ओपन वॉटरवर १८ मीटरपर्यंत जाता येतं अन् रीफच्या, म्हणजे प्रवाळाच्या खडकांच्या फोटोला तेवढं पुरतं. त्यानंतर माझ्या मते वीसेक डाइव्ह बिनकॅमेऱ्याच्या करा. श्वास घेतला की वर, सोडला की खाली, हे फुप्फुसाला आपोआप कळायला लागलं की मग कॅमेरा हातात घ्या, नाहीतर लक्ष स्क्रीनवर अन् पाय प्रवाळावर असं होते.

वर्कशॉप निवडताना रिसॉर्टचे फोटो पाहू नका, प्रश्न विचारा. एका शिकवणाऱ्यामागे किती जण? चारच्या वर असतील तर मी जाणार नाही. डाइव्ह फक्त फोटोवाल्यांची असते का सगळ्या पाहुण्यांसोबत पळवतात? हे लय महत्त्वाचं आहे, काहून की आपल्याला एका दगडापाशी वीस मिनिटं थांबायचं असतं अन् बाकीच्यांना पूर्ण रीफ बघायची असते. दुपारी सगळे बसून फोटो बघतात का, प्रत्येकाची चूक दाखवतात का, खरं शिकणं तिथंच होते. कॅमेरे बुडवायला गोड्या पाण्याची वेगळी टाकी आहे का, स्ट्रोब म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश भाड्यानं मिळतो का, हेही विचारून घ्या.

जागा म्हणाल तर पहिल्यांदा अंदमानातलं स्वराज द्वीप, म्हणजे आपलं जुनं हॅवलॉक. नागपूरहून चेन्नई किंवा कोलकाता करून श्री विजयपुरम, जुनं पोर्ट ब्लेअर, अन् तिथून फेरीनं साधारण दोन तास. जानेवारी ते एप्रिल समुद्र शांत असतो. हवामानामुळे फेरी रद्द होऊ शकते म्हणून मधे एक दिवस मोकळा ठेवाच. बॅटऱ्या सगळ्या हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या चालत नाहीत.

कॅमेरा महागडा नको. ऑलिम्पसचा टीजी-६ किंवा नंतरचा ओएम सिस्टीमचा टीजी-७ बिनकेसचा १५ मीटर जातो, पण डाइव्हिंगला हाउसिंग, म्हणजे पाणी आत न येऊ देणारी कॅमेऱ्याची पेटी घ्याच. डीएसएलआर असेल तर त्याच मॉडेलचं हाउसिंग लागतं अन् ते बऱ्याचदा कॅमेऱ्यापेक्षा महाग पडतं, पहिल्या वेळी भाड्यानं बघा. स्ट्रोब मात्र पाहिजेच, कारण पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं, पाच-सहा मीटरवरच तो मळका दिसतो अन् दहाच्या खाली जवळजवळ संपतोच, लालभडक मासा राखाडी दिसतो. स्ट्रोब कॅमेऱ्याला चिकटवू नका, पाण्यातले कण उजळतात अन् फोटोवर पीठ उधळल्यासारखे ठिपके येतात. स्ट्रोब धरणारे दांडे बाहेर पसरवा अन् स्ट्रोब लेन्सच्या थोडा मागे ओढा.

सेटिंग घरूनच ठरवून जा. छोट्या जिवांना एफ ११ ते १६, १/२००, आयएसओ २००. रीफचा मोठा फोटो असेल तर एफ ८, १/१२५, आयएसओ ३०० च्या आसपास, मागच्या पाण्याचा निळा शटरनं कमी-जास्त करा, समोरचा उजेड स्ट्रोबनं. रॉ मध्येच काढा. वरून खाली कधीच काढू नका, माशाच्या पातळीला किंवा थोडं खाली जाऊन वरच्या दिशेनं काढा, फोकस डोळ्यावर. पळणाऱ्या माशामागे जाऊ नका, त्याची फक्त शेपटी मिळते. पहिल्या दिवशी क्लाउनफिशपाशी बसा, तो आपलं अॅनिमोन, म्हणजे फुलासारखा दिसणारा जीव ज्यात तो राहतो, ते सोडून जात नाही, सरावाला त्याच्यासारखा दुसरा नाही.

नागपुरात करायचं अजून एक काम म्हणजे हाउसिंग आधी रिकामं, कॅमेरा न टाकता, पाण्याच्या टाकीत वजन लावून अर्धा तास बुडवा. आत थेंब दिसला तर ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबराची गोल रिंग तपासा. माझ्या एका मित्राच्या ओ-रिंगवर एकच केस राहिला होता अन् पहिल्याच डाइव्हला कॅमेरा गेला. रिंग बोटानं काढा, सुई-चिमट्यानं नाही, पुसा, सिलिकॉन ग्रीस फक्त चमक येईपर्यंत. तिथं गेल्यावर हाउसिंग रात्री एसी रूममध्येच बंद करा अन् आत सिलिका जेलची पुडी टाका, दमट हवा आत राहिली की खाली काच धुकते. अन् अंधारात बसून हाउसिंगची बटणं बोटानं ओळखायची सवय करा. पूलवाल्याची परवानगी काढून स्टीलचा चमचा, रंगीत खेळणं तळाशी ठेवून फोटो काढून बघा, अर्धी भीती तिथंच जाते.

प्रवाळाला हात नाही, पाय नाही, फिन नाही. मोठ्या गोट्यासारखं घट्ट प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं, अन् २०२४ मध्ये जगभर चौथ्यांदा मोठं ब्लीचिंग, म्हणजे गरम पाण्यानं प्रवाळ पांढरं पडणं जाहीर झालं, रीफ आधीच आजारी आहे. चांगल्या फोटोसाठी कोणी जीव हलवून ठेवत असेल तर त्याला तिथंच थांबवा, शिकवणारा असला तरी. पडलेला प्रवाळाचा तुकडा पण बॅगेत टाकू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात त्याला वाघाएवढंच संरक्षण आहे.

शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी कमीत कमी १८ तास पाहिजेत, म्हणून परतीच्या आदल्या दिवशी सकाळीच डाइव्ह संपवा अन् उरलेला वेळ हाउसिंग गोड्या पाण्यात भिजत ठेवून एकेक बटण दाबत धुण्यात घाला, मीठ वाळलं की बटणं अडकतात. घरी आल्यावर ओ-रिंग काढून वेगळ्या पाकिटात ठेवा, पुढच्या ट्रिपपर्यंत ती दबून राहायला नको.