मोठ्या किमतीच्या चिप्स वटवताना या चुका टाळा

लास वेगासच्या कॅसिनोत चिप्स (पैशांऐवजी खेळात वापरायच्या चकत्या) वटवण्याइतकी मोठी रक्कम जिंकलात आणि नाव कुणाला कळू नये असं वाटतंय? आसपासच्या लोकांपासून नाव नक्की लपवता येतं. सरकारपासून लपवायच्या नादाला मात्र लागू नका, तिथेच हक्काचे पैसे अडकतात.

सगळ्यात महागात पडते ती रकमेचे तुकडे पाडण्याची चूक. एका गेमिंग दिवसात (कॅसिनोने ठरवलेले २४ तास, ते मध्यरात्रीच सुरू होतात असं नाही) १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोकड हाती पडली की कॅसिनोला सीटीआर (मोठ्या रोख व्यवहाराची सरकारला माहिती देणारा अहवाल) भरावाच लागतो. त्यात आरोप काही नसतो, निव्वळ नोंद असते. ती टाळायला आज ९,००० आणि उद्या ९,००० वटवणं, किंवा मित्राला दुसऱ्या खिडकीवर पाठवणं, याला ‘स्ट्रक्चरिंग’ म्हणतात. पैसा शंभर टक्के कायदेशीर असला तरी हा गुन्हाच, ५ वर्षांपर्यंत कैदेचा. ओळखपत्र मागताच अर्ध्या चिप्स परत उचलणं तर त्याहून वाईट: ५,००० डॉलरपासूनच्या संशयास्पद व्यवहाराचा वेगळा अहवाल जातो, आणि तो गेल्याचं तुम्हाला सांगायला कॅसिनोला मनाई आहे.

प्लेअर्स कार्ड (खेळाची नोंद ठेवणारं कॅसिनोचं सदस्य कार्ड) न दाखवता खेळलं तर माग राहत नाही, असा अनेकांचा समज. घडतं उलटंच. ५,००० ची चिप समोर आली की केजवरचा (चिप्स वटवण्याच्या खिडकीवरचा) कॅशिअर टेबलाकडे फोन लावून ती कुणी जिंकली ते विचारतो; खेळाची नोंद नसेल तर कॅमेऱ्याचं चित्रण तपासेपर्यंत ताटकळावं लागतं. पासपोर्टही मूळच जवळ ठेवा, फोनमधल्या फोटोवर भागत नाही.

चिप्स आठवण म्हणून घरी नेऊ नका. डिसेंबर २०१० मध्ये लास वेगासच्या बेलाजिओ कॅसिनोतून सुमारे १५ लाख डॉलरच्या चिप्स लुटल्या गेल्या. त्यानंतर कॅसिनोने २५,००० च्या जुन्या चिप्स बाद केल्या आणि त्या वटवायला एप्रिल २०११ पर्यंतच मुदत दिली.

खरी गोपनीयता हवी तर होस्टला (मोठ्या खेळाडूंची काळजी घेणाऱ्या कॅसिनोच्या कर्मचाऱ्याला) सांगून स्वतंत्र खोलीत पैसे घ्या, रोकडीऐवजी चेक किंवा बँक ट्रान्स्फर मागा, खोलीपर्यंत सुरक्षारक्षक मागा, प्रसिद्धीच्या फोटोला नकार द्या. रोकडच आणायची असेल तर १०,००० डॉलरच्या वर अमेरिका सोडताना, आणि ५,००० डॉलरच्या वर नोटा असतील तर भारतात उतरताना कस्टम्सकडे घोषणापत्र भरा.