होमस्टेच्या बुकिंगचे पैसे: हातात येताना आणि परत देताना

मालवण-तारकर्लीच्या पट्ट्यात घरातल्या दोन-तीन खोल्या पर्यटकांना देणाऱ्यांचा हंगाम ऑक्टोबर ते मे असा चालतो, आणि पैशांवरून होणारे बहुतेक तंटे त्याच्या शेवटच्या पंधरवड्यात उभे राहतात. स्कूबा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या दरवर्षी 26 मेच्या सुमारास बंद होतात. 2025 मध्ये तर मोसमी पाऊस 25 मे रोजीच देवगडपर्यंत येऊन पोहोचला, आणि केवळ समुद्रासाठी आलेल्या पाहुण्यांनी परतावा मागणे स्वाभाविकच होते.

सर्वांत आधी आगाऊ रकमेचा हिशेब वेगळा करावा. पाहुणा घरात पाऊल टाकीपर्यंत ती रक्कम आपली कमाई नसते, त्याची ठेव असते. म्हणून बुकिंगसाठी स्वतंत्र बँक खाते ठेवून मुक्काम सुरू झाल्यावरच त्यातून पैसे घरखर्चाकडे वळवावेत. आमच्याकडे पहिल्या वर्षी ॲडव्हान्सचे पैसे शाकारणीच्या कौलांवर खर्च झाले, आणि एकाच आठवड्यात तीन कुटुंबांनी बुकिंग रद्द केल्यावर परत देण्यासाठी दिरांकडून उसने घ्यावे लागले. तेव्हापासून हे खाते वेगळेच आहे.

रद्द करण्याच्या अटी पैसे घेण्यापूर्वी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवाव्यात आणि ‘मान्य आहे’ असे उत्तर आल्याशिवाय खाते क्रमांक देऊ नये. आमच्या अटी अशा आहेत: 15 दिवस आधी कळवल्यास पूर्ण रक्कम परत, 7 दिवस आधीपर्यंत निम्मी, त्यानंतर परतावा नाही. हवामानाचे कलम मात्र स्वतंत्र लिहावे. मुक्कामाच्या दिवशी जिल्ह्याला हवामान खात्याचा लाल इशारा असेल, किंवा दरड कोसळून घाट वा रेल्वेमार्ग बंद असेल, तर पाहुण्याने पूर्ण परतावा घ्यावा अथवा वर्षभरात दुसरी तारीख निवडावी. होड्या बंद असणे हे परताव्याचे कारण ठरणार नाही, असे लिहिणे योग्यच आहे; पण मेच्या अखेरचे बुकिंग घेताना होड्या बंद असण्याची शक्यता आपण स्वतःहून सांगितली नसेल, तर त्या अटीवर बोट ठेवणे मला न्याय्य वाटत नाही.

एअरबीएनबीसारख्या ऑनलाइन बुकिंग मंचावरून आलेल्या बुकिंगला तिथे निवडलेले धोरण लागू होते. ‘फ्लेक्झिबल’ निवडल्यास पाहुण्याला चेक-इनच्या 24 तास आधीपर्यंत, ‘मॉडरेट’ निवडल्यास 5 दिवस आधीपर्यंत पूर्ण परतावा मिळतो. आपले पैसे ठरलेल्या चेक-इननंतर साधारण 24 तासांनी सुटतात आणि बँकेत जमा होण्यास आणखी काही दिवस लागू शकतात. त्यामुळे शनिवारच्या पाहुण्याचे पैसे सोमवारी दिसले नाहीत तर घाबरण्याचे कारण नाही.

जमा झालेली रक्कम मात्र बुकिंगशी ताडून पाहावी. समजा, दोन रात्रींचे भाडे 7,000 रुपये आणि मंचाचे कमिशन 15 टक्के आहे. कमिशन 1,050, त्यावर 18 टक्के जीएसटी 189, आणि 0.1 टक्का टीडीएस (मंचाने आधीच कापून घेतलेला आयकर) 7 रुपये वजा जाऊन 5,754 रुपये हाती येतात. हा टीडीएस 1 ऑक्टोबर 2024 पूर्वी 1 टक्का होता. वर्षाला 5 लाखांपर्यंत व्यवहार करणाऱ्या आणि पॅन दिलेल्या व्यक्तीचा तो कापला जात नाही. पॅन न दिल्यास मात्र 5 टक्के, म्हणजे इथे 350 रुपये जातात. व्यवसायाचा हिशेब ठेवत असल्यास वहीत उत्पन्न 7,000 आणि कमिशन खर्चाच्या बाजूला लिहावे.

मंचावरच्या बुकिंगचा परतावा कधीही खासगी यूपीआयवरून देऊ नये. आपण दिलेल्या पैशांची नोंद मंचाकडे नसते, आणि पाहुण्याने तिकडेही तक्रार केली तर तीच रक्कम आपल्या पुढच्या जमेतून पुन्हा वळती होऊ शकते. जे द्यायचे ते तिथल्याच संदेशात कबूल करून तिथूनच द्यावे.

चूक आपली असेल तर पाहुण्याने मागण्याआधी आकडा सांगावा. रात्री वीज गेली, इन्व्हर्टर दोन वाजता बंद पडला आणि लहान मूल उकाड्याने जागे राहिले, तर सकाळी घावणे-चटणी पुढे ठेवतानाच आम्ही ‘कालच्या रात्रीचे निम्मे, म्हणजे 1,750 रुपये परत करत आहोत’ असे तोंडी सांगतो आणि लगेच लिहूनही पाठवतो. पाहुणा घरी परतल्यानंतर सुरू झालेली घासाघीस याहून महाग पडते, आणि त्यातले शब्द परीक्षणात उतरतात. एअरबीएनबीवर पाहुण्याला अडचण लक्षात आल्यापासून 72 तासांत तक्रार करता येते. म्हणून प्रत्येक चेक-इनपूर्वी खोली, न्हाणीघर आणि चालू पंख्याचा एक छोटा व्हिडिओ काढून ठेवावा.

थेट बुकिंगचा परतावा ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात द्यावा, ‘भावाच्या नंबरवर टाका’ ही विनंती मान्य करू नये, आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला संदर्भ क्रमांक) पाहुण्याला पाठवावा. पेमेंट गेटवेमार्फत कार्डावर केलेला परतावा दिसायला साधारण 5 ते 7 कामाचे दिवस लागतात, हे त्याच संदेशात कळवले की रोजचे फोन थांबतात.

‘चुकून 2,000 ऐवजी 20,000 गेले, 18,000 परत करा’ असा स्क्रीनशॉट आला तर तो किंवा बँकेच्या नावाने आलेला एसएमएस ग्राह्य धरू नये. बँकेचे ॲप स्वतः उघडून शिल्लक पाहावी. पैसे खरोखर आलेले नसतील तर परत देण्याचा प्रश्नच येत नाही. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे घरात फोन उचलणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः सासूबाईंसारख्या पाहुण्यांवर चटकन विश्वास ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांना, हंगामापूर्वी एकदा प्रत्यक्ष फोनवर दाखवून ठेवावे.