सेव्हन-झिपचा आकडा आधी बघा, मग फाइल उघडा

कुणाचाही संगणक माझ्याकडे आला की मी पहिल्यांदा सेव्हन-झिप, म्हणजे झिपसारख्या दाबून लहान केलेल्या फाइली उघडणारा प्रोग्रॅम, उघडते, ‘हेल्प’मधलं ‘अबाउट’ दाबते आणि आवृत्तीचा आकडा वाचते. ब्राउझर आपला आपण अपडेट होतो. सेव्हन-झिप होत नाही, ज्या दिवशी बसवलं त्याच आवृत्तीवर ते वर्षानुवर्षं चालत राहतं. आकडा २४.०१ पेक्षा लहान असेल तर बफर ओव्हरफ्लोची (राखून ठेवलेल्या मेमरीबाहेर लिहिण्याची) एक गंभीर चूक त्या मशीनवर अजून आहे. सुरक्षेतल्या चुकांच्या जाहीर यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०२३-५२१६८.

ही चूक एनटीएफएस, म्हणजे विंडोजची डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, वाचणाऱ्या भागात होती. सेव्हन-झिप नुसत्या झिप फाइली उघडत नाही, अख्ख्या डिस्कची इमेजही (एका फाइलीत साठवलेली हुबेहूब नक्कल) उघडतं. एनटीएफएसच्या नोंदी वाचताना दर ५१२ बाइटच्या तुकड्यातले शेवटचे दोन बाइट काढून तिथे मूळ बाइट परत बसवावे लागतात. मुद्दाम बिघडवलेली इमेज दिली, की हे बसवणं राखून ठेवलेली मेमरी संपल्यावरही चालूच राही आणि पलीकडे ठरावीक अंतरावर दोन-दोन बाइट लिहिले जात. दोन बाइट किरकोळ समजू नका. त्या जागी दुसऱ्या कशाची लांबी किंवा पत्ता असेल, तर प्रोग्रॅम कोसळतो, किंवा हल्लेखोराच्या हाती जातो.

“मी डिस्क इमेज कधी उघडतच नाही,” असं लोक सांगतात. पण सेव्हन-झिप फाइलचा प्रकार आतल्या मजकुरावरूनही ओळखतं. म्हणजे दुसऱ्याच नावाच्या फाइलीत डिस्क इमेज असू शकते, नावापुढे काय लिहिलंय यावर विसंबू नका.

नवी आवृत्ती फक्त सेव्हन-झिपच्या अधिकृत साइटवरून घ्या. २४.०१ वर थांबू नका. झेडस्टँडर्ड या फाइली दाबण्याच्या पद्धतीतली चूक २४.०७ मध्ये दुरुस्त झाली, आणि आर्काइव्हच्या (झिपसारख्या दाबलेल्या फाइलीच्या) आतल्या आर्काइव्हमधून काढलेल्या फाइलींवरची ‘इंटरनेटवरून आलेली’ ही विंडोजची सावधगिरीची खूण गळून पडायची, ते २४.०९ मध्ये. बसवताना रीस्टार्ट मागितला तर लगेच करा. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररने सेव्हन-झिपचा जुना भाग धरून ठेवलेला असतो. ती खूण काढलेल्या फाइलींवरही यावी म्हणून नंतर सेव्हन-झिपच्या ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘प्रोपगेट झोन आयडी स्ट्रीम’ला ‘येस’ करा. मुळात ते बंद असतं.

विनरार हा असाच दुसरा प्रोग्रॅम वापरत असाल तर तेही हातानेच अपडेट करावं लागतं. ६.२३ च्या आधीच्या आवृत्तीत रिकव्हरी व्हॉल्यूम (बिघडलेलं आर्काइव्ह दुरुस्त करायच्या जोडफाइली) वाचताना अशीच मेमरीबाहेर जाण्याची चूक होती.

आता सगळ्यात जास्त राहून जाणारं काम. इतर कितीतरी प्रोग्रॅम सेव्हन-झिपची डीएलएल (प्रत्यक्ष काम करणारा कोड असलेली फाइल) स्वतःच्या फोल्डरमध्ये घेऊन येतात, आणि तुम्ही केलेलं अपडेट तिथे पोचत नाही. पूर्ण ड्राइव्हवर सातचा आकडा, झेड, टिंब, डीएलएल अशा नावाची फाइल शोधा. सापडेल त्या प्रत्येकीच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘डिटेल्स’मध्ये आवृत्ती दिसते. ती जुनी असेल तर डीएलएल स्वतः बदलू नका, तो प्रोग्रॅमच अपडेट करा. त्याची नवी आवृत्ती निघत नसेल, तर अनोळखी फाइली त्यात उघडणं बंद करा.